थांबणारी ऑर्डर

फोन वाजला की मावशी कढईतलं उलथणं हलवता हलवताच त्याला दरडावायच्या, "थांब बाई, हात गुंतलाय!" फोनमधली बोलणारी बाई काही थांबायची नाही. तुम्ही तिथं असता तर माझ्यासारखेच हसला असता.

ईट गावात त्यांची खव्याची भट्टी होती. नजर तरुणपणीच गेलेली. दूध कुठवर आटलंय ते कढईच्या आवाजावरून कळतं, असं त्या ठासून सांगायच्या. कधी खवा लागलाच, तर दोष ओल्या लाकडाला द्यायच्या.

आम्ही धाराशिवच्या दोघातिघांनी गावातल्या भट्ट्यांसाठी ऑर्डरचं ॲप केलं होतं. स्क्रीनवरचं सगळं ते वाचून दाखवायचं, म्हणून मी ऐटीत होतो. मावशींनी फोन पदराखाली घेतला, बोट फिरवलं, कान लावला.

"बोलती झ्याक. पर लई घाईची हाय."

ऑर्डर आली की लगेच घ्यावी लागे, नाहीतर ती पुढच्या भट्टीला जाई. डोळस माणूस एकदा बघून मोकळा होतो. मावशींना आधी सगळं ऐकावं लागे. त्यातून खवा घट्ट होत आला की हात काढताच येत नाही. एकामागून एक ऑर्डरी शेजारच्या भट्टीवर जाऊ लागल्या.

सून म्हणाली, "आत्याबाई, फोन माझ्यापशी द्या की. म्या घेती ऑर्डरी."

उलथणं थांबलं. "आजवर गिऱ्हाईक माझ्याशी बोललंय. आता भट्टी माझी अन् बोलणार दुसरंच? मंग म्या निस्ती हलवायलाच का?"

त्या दिवशी खवा लागला, आणि मावशी लाकडाला एक शब्दही बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही ऑर्डर थांबती केली. मावशींनी नुसतं "थांब" म्हणायचं. गिऱ्हाइकाला निरोप जाई, 'कढई उतरली की कळवते', आणि ऑर्डर त्यांच्याच नावावर राही. गिऱ्हाईक तुटेल अशी मला धास्ती होती, पण लोक थांबले. उलट मावशींनाच हुकूम सोडायची चटक लागली. हात मोकळा असला तरी "थांब!" म्हणायच्या.

"मावशी, आता कशाला थांबवलीत?"

"ऐकती का न्हाय, बघाया!" आणि तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशी नळदुर्गला लेकीकडं राहायला गेल्या. भट्टी आता सून सांभाळते. परवा मी तिथं बसलो होतो. खवा घट्ट होत आला होता, सुनेचा हात गुंतलेला, आणि नेमका फोन वाजला. ऑर्डर नळदुर्गची होती, सोबत बोलून पाठवलेला निरोप. तो मी लावला.

"घाई न्हाय गं. आधी कढई उतरव, मंग घे."