शिंगाळ्याचा काटा आणि सासूबाईंचा नीलम

बेटेगावात राहायला आल्यावर मासे साफ करायला मला सातपाटीच्या एका मावशींनी शिकवलं. मी सांगलीकडची; नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली. मावशी दारावर मासळी विकायला यायच्या.

एका सकाळी मी शिंगाळा घेतला; या माशाचा काटा विषारी असतो, हे मला ठाऊक नव्हतं. "थांबा, काटा काडून देते," असं त्या म्हणेपर्यंत मी हात घातला आणि काटा मधल्या बोटात घुसला. मावशींनी लगेच पाणी तापवून हात त्यात धरायला लावला. कळ ओसरली, पण बोट सुजतच गेलं. बोटात सासूबाईंची नीलमाची अंगठी होती. लग्नात त्यांनी स्वतःच्या बोटातली काढून माझ्या बोटात घातलेली. साबण लावला, तेल लावलं, अंगठी हलेना. बोट काळंनिळं पडायला लागलं.

"तोडायची नाही हो," मी रडकुंडीला आले.

"वहिनी, आंगठी मोटी का बोट मोटं?" मावशींनी मासळीची पाटी माझ्या शेजारणीकडे ठेवली आणि मला रिक्षात बसवलं.

बोईसरच्या सोनाराने अंगठीखाली पातळ पट्टी सरकवून बारीक चकतीने सोनं कापलं. कडं फाकवताच खडा निसटला आणि टण्णकन फरशीवर पडला. माझा जीवच गेला.

त्याने खडा उचलून भिंग लावलं. "वाचला, ताई. हिऱ्याखालोखाल कठीण असतो हा, ओरखडा सहसा पडत नाही. पण आदळला तर टवका उडतो, एवढं लक्षात ठेवा."

"आणि आत ती रेष दिसतेय ती?"

"ती जन्मापासूनची. शिवाय रेशमासारखे बारीक धागे आहेत, म्हणून थोडा धुरकट दिसतो. काचेत असे धागे नसतात, बुडबुडे असतात. फार उंची नाही, पण खरा आहे." मग हसून म्हणाला, "तसा हा कुरुंदाच्याच जातीचा. धार लावायचा दगड असतो ना, तोच."

"म्हंजे मी रोज नीलमावर कोयता घासते?" मावशींनी विचारलं. बोट ठणकत असतानाही मला हसू फुटलं.

तिथून त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. इंजेक्शन होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. त्यांची मासळी तोवर शेजारणीने बर्फात घालून ठेवली होती.

संध्याकाळी घाबरत सांगलीला सासूबाईंना फोन केला. अंगठी कापली, हे सांगून टाकलं.

"बोट हलतंय का?"

"हो, आई."

"मग झालं तर. आणि त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी तो निरोप दिला. त्यांनी ओल्या हातांनीच नमस्कार केला, थेट सांगलीच्या दिशेने केल्यासारखा, आणि विचारलं, "आज बोंबील देऊ का? त्याचा काटा मऊ, टोचायचा नाय."