बापटकाकांची बोर्दो

बापटकाका माणसाला भेटले की आधी त्याचा वास घेत. हात पुढे करायचे, किंचित वाकायचे आणि नाकपुड्या हलायच्या. अमेरिकेत, श्रूजबरीला त्यांच्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा म्हणाले, "फोडणी, ओला कोट आणि डांबराच्या गोळ्या. म्हणजे विद्यार्थी. या आत." रंगांच्या एका कंपनीत ते केमिस्ट होते. दिवसभर रसायनं हुंगायची आणि संध्याकाळी नाकाला विसावा म्हणून वाइन. मी शेजारच्या वूस्टरला शिकत होतो. मालतीकाकूंच्या पोळ्यांची कीर्ती आम्हा पोरांत पसरलेली होतीच, त्यामुळे माझे रविवार तिथे रुजू झाले.

पहिल्याच जेवणाला काकांनी मला लाल वाइन दिली. मी अकोल्याचा. तोवर द्राक्षाशी माझा संबंध बेदाण्यापुरता. आपण काही अगदीच गावंढळ नाही हे दाखवावं म्हणून मी ग्लासात बर्फ टाकला आणि वर कोला ओतला. काकांनी वाकून ग्लासाचा वास घेतला. मग म्हणाले, "असू दे. तिला ताप होता असं समजू."

त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. तळघरात वॉशिंग मशीनच्या वर फ्रान्सचा नकाशा टांगलेला होता. काका फ्रान्सला कधी गेले नव्हते, पण बोर्दोमधली नदी, तिचे दोन काठ आणि कुठल्या काठाला कुठली माती, हे गावच्या शिवारासारखं सांगत. "हा डावा काठ. नुसते गोटे. ज्वारीसुद्धा यायची नाही. पण वेलीला असे हाल लागतात रे, मग ती मुळं खाली धाडते." बोर्दोची लाल वाइन एका द्राक्षाची नसते, हा त्यांचा लाडका धडा. "कॅबर्ने म्हणजे घरातला थोरला. ताठ, करकरीत, आणि पिकायला उशीर लावणारा. मर्लो म्हणजे वहिनी. लवकर पिकते, मऊ असते. थोरला पिकायच्या आत पाऊस आला तर त्या वर्षी वहिनी घर तारते. एकट्याच्यानं संसार होत नाही."

"ऐकतोयस ना?" काकू जिन्यावरून म्हणायच्या, "हे फक्त बाटलीबद्दल हं. घरातले कपडे मी एकटीच वाळत घालते."

नकाशाखाली एक बाटली वेगळी आडवी ठेवलेली असे. त्यांच्या मुलीच्या, मीराच्या, जन्मसालची बोर्दो. मीरा डॉक्टर होईल त्या दिवशी ती उघडायची असं ठरलेलं होतं. पण मीरानं दुसऱ्या वर्षीच मेडिकल सोडलं आणि न्यूयॉर्कला एका नाटक कंपनीत दिवे लावायला गेली. दिवे लावायला हे काकांचे शब्द, आणि त्यांतला टोमणा तिला बरोब्बर लागला होता. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. फोन आला की काका रिसीव्हर काकूंच्या हातात देत आणि बाहेर बर्फ काढायला जात. बर्फ नसला तरी.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी मीरा येते म्हणाली. जेवायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. काकूंनी टर्कीच्या सणाला नेहमीप्रमाणे भरली वांगी केली. मीरा आली, आईला बिलगली, मला "हाय" म्हणाली. काकांनी वाकून वासही घेतला नाही. हवेवर, बसवर, गर्दीवर थोडं बोलणं झालं आणि तेही संपलं. मग काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खाली जा. ती बाटली आण."

मी तळघरात गेलो. बाटली या वेळी आडवी नव्हती, उभी होती. बल्बसमोर धरून पाहिली तर तळाला काळसर गाळ. आता, अकोल्याला आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर लाल औषध द्यायचा. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी, तळाशी असाच साका, आणि सक्त ताकीद: हलवून घेणे. नाही हलवलं तर गुण येत नाही, हे लहानपणापासून माझ्या रक्तात. मी बाटली दोन्ही हातांत धरली आणि जिना चढेपर्यंत मनापासून खळखळवली. शेवटचे चार हेलकावे तर काकांच्या डोळ्यांदेखत दिले.

काकांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "काय केलंस?"

"हलवली. खाली बसलं होतं सगळं."

"अरे, ते बसावं म्हणूनच मी चार दिवस तिला उभी ठेवली होती."

मीरा हसायला लागली, तोंडावर हात ठेवून. "सो वी कान्ट ड्रिंक इट?"

प्रश्न काकांना होता. काकांनी उत्तर मला दिलं. "आता परत उभी ठेवायची. शनिवारपर्यंत तरी. त्याआधी उघडली तर चिखल." मग बाटलीकडे बघत म्हणाले, "ज्यांना बस गाठायची असेल त्यांनी गाठावी. गाळाला घाई करता येत नाही."

काकू पोळीला तूप लावत होत्या. तो हात थांबला.

"आय कॅन स्टे टिल सॅटर्डे," मीरा म्हणाली.

शनिवारी मला बोलावलं, पण दाराशीच बजावलं की खुर्चीतून उठायचं नाही. काकांनी बूच काढलं. जुनी वाइन दुसऱ्या भांड्यात सावकाश ओततात आणि बाटलीच्या मानेखाली उजेड धरतात, म्हणजे गाळ यायला लागला की दिसतो. काकांनी टॉर्च काखेत दाबला आणि बाटली तिरकी केली.

"बाबा, नो. तुम्ही हातावरच लाइट मारताय." मीरानं टॉर्च काढून घेतला, छतावरचा दिवा बंद केला, मागे पांढरी ताटली उभी केली आणि खालून, जरा बाजूनं उजेड धरला. बाटलीची मान डाळिंबाच्या दाण्यासारखी पेटली.

काका बघतच राहिले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"हेच तर करते मी, बाबा. दिवे लावते."

काका ओतायला लागले. भांडं अर्धं भरलं, त्याहून वर गेलं. जरा वेळानं म्हणाले, "माझ्या चष्म्यातून नीट दिसत नाही. तूच सांग, कुठे थांबू."

मीरा वाकून बघत राहिली. "चालू दे," म्हणाली. "चालू दे, बाबा. अजून स्वच्छ आहे."