पलीकडच्या काठावरून हात

शहाद्याला मी हायस्कुलात सायन्स शिकवायला लागलो, तेव्हा शेजारच्या खोलीत पुलाच्या कामावरचा एक बंगाली इंजिनियर राहायचा. त्याच्याकडे हातभर लांबीची लाकडी बोट होती आणि ती दुरून चालवायचा ट्रान्समीटर. पत्र्याचं खोकं, वर उंच एरियल, मधे एकच बटण. बटण दाबलं की बोटीचं सुकाणू वळायचं. रविवारी आम्ही दोघं गोमाईच्या डोहावर जायचो. कपडे धुणाऱ्या बायका विचारायच्या, "मास्तर, या बोटम्हा कोण बसाव शे? आमले बी प्रकाशाले सोडी द्या ना!" इंजिनियर मला अर्थ विचारायचा. प्रकाशा म्हणजे खाली तापीवरचं तीर्थ, असं सांगितलं की एकटाच हसत सुटायचा.

त्याची आसामात बदली झाली. जाताना बोट आणि खोकं मला देऊन गेला. त्यानंतर रविवार फार लांबायला लागले.

थंडीच्या सुमारास डोहावर बटण मधूनच दगा देऊ लागलं. टेबलावर सुकाणू ठीक वळायचं. किती दूरपर्यंत वळतं, हे मात्र कळत नव्हतं. डोहाच्या मध्यावर सिग्नल तुटला, तर बोट धारेला लागून थेट तापीत जाणार. मुंबईत एक जण असली यंत्रं तपासतो, असं इंजिनियर सांगून गेला होता. पण आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, आणि खोकं तपासायला दुसऱ्याकडे पाठवू? शिवाय ते गेल्यावर खोलीत उरणार काय? टेबल, कंदील आणि मी.

खरं तर पल्ला तपासणं सोपं असतं. एकानं बोट धरून सुकाणूकडे बघायचं, दुसऱ्यानं लांब जाऊन बटण दाबायचं. मला तो एक माणूस मिळत नव्हता.

आमच्या कळसाडी गावाहून आबा, माझे वडील, कापूस घेऊन आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं.

"बैल लेवाना पहिले गाडाले जुपी पाहतस ना? तसंच कर," ते म्हणाले.

"दुसरा माणूस लागस, आबा."

"मंग मी काय शे, खुंटा?"

दुपारी आम्ही नदीवर गेलो. आबा बोट घेऊन उथळ पाण्यातून पलीकडे गेले आणि वाळूत मांडी घालून बसले. सुकाणू हललं की त्यांनी टोपी हलवायची, असं ठरलं होतं. मी दाबलं, टोपी हलली. मागे सरकलो, दाबलं, हलली. बाभळीपर्यंत गेलो, तरी हलली. मला फार बरं वाटलं. मग एकदा बटणावरून अंगठा घसरला, दाबलंच गेलं नाही. टोपी हलली. मी खोकं बंद केलं आणि नुसता कोपर वर केला. पलीकडे टोपी जोरजोरात हलली.

मी तिथंच उभा राहिलो. मला त्यांचा राग आला नाही. कॉलेजातून आल्यापासून गावात मला कोणी 'नाही' म्हणतच नव्हतं. मी गेलो की बाजेवरचे काका उठून उभे राहायचे. पिकावरच्या किडीबद्दल मी काहीही बोललो तरी "भाऊ म्हनस ते खरं" म्हणायचे. ते मान द्यायचे आणि मी तो घ्यायचो. मलाही तो हवाच होता. पण 'तुझं चुकतंय' असं तोंडावर म्हणणारा तो बंगालीच होता, आणि तो आता आसामात होता.

आबा पाणी तुडवत परत आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"दरवखत हालनं! मन्हा पोऱ्यानं यंत्र नापास व्हई का?"

"नही व्हवाव, आबा. पास."

त्यांनी टोपीवरची वाळू झटकली आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं, की भाऊ नदीच्या या काठावरून त्या काठावरची बोट हालवतो. मी बाजूला उभा राहून मान डोलवत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुटीत मी खोकं सरकीच्या पेंडीच्या पोत्यात शिवलं आणि मुंबईच्या पत्त्यावर पार्सल केलं. पोस्टमास्तरनं आत काय आहे विचारलं. नादुरुस्त यंत्र आहे, असं मी सांगितलं. तो शब्द मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारत होतो.