ताईबाईचे हात

देवपुरात खापरावरचे मांडे म्हटलं की माणसं आमच्याच दाराशी येतात. ते माझ्यामुळे नाही बरं का! मी फक्त पुरण भरून गोळा पुढे सरकवते. मांडा करते ती माझी मोठी जाऊ ताईबाई. मी तिला अक्का म्हणते. गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर खेळवत पार कोपरापर्यंत पसरवते आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद सोडते. तिचं लक्ष तिथे कधीच नसतं. तोंडाची टकळी चालू, नजर रस्त्यावर, हात आपले चाललेत. गिऱ्हाइकं म्हणायची, "अक्का, तुन्हा हातले डोया शेतस!" हातांनाच डोळे! मलाही कौतुक वाटायचं. आता ऐकलं की अंगावर काटा येतो.

हिवाळ्यात टीव्ही बघताना तिने ओला टॉवेल घडी करायला घेतला, आणि बघता बघता तो हातांवर खेळवायला लागली. मी काय सोडते! "अक्का, पुरण राहिलं की गं भरायचं!" ती दचकली, मग हसली. पुढे एकदा गॅसपाशी तेच झालं. पेटत्या बर्नरवर टॉवेल, घरभर करपट वास. "डोकंच ठिकाणावर नाही," म्हणाली, आणि विषय संपला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची लेक दिपमाला तान्ह्या बाळासह माहेरीच होती. सणानंतर ती नोकरीवर जाणार आणि बाळ दिवसभर एकट्या अक्काकडे राहणार, असं ठरलं होतं. तिचे यजमान, माझे जेठ, गेल्यापासून अक्काला इतकी खुशीत मी पाहिली नव्हती. झोळी बांधली, बाळगुटी आणली, मांड्यांच्या ऑर्डरी बंद करायचं म्हणत होती.

त्या दिवशी सकाळपासून परसात चूल धडधडत होती. मी गोळे देत होते, ती टाकत होती. दिपमाला बाहेर आली. "आई, जरा धर, मी अंघोळ करून येते." अक्काने हात पुसले, बाळ दोन्ही हातांवर घेतलं आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू केली. कुणाच्या तरी साखरपुड्याची होती. बोलता बोलता बाळाला या हातावरून त्या हातावर झुलवायला लागली. बाळही खुदकन हसलं. मला वाटलं, खेळवतेय.

मग तिने हात लांब केले आणि ती खापराकडे वाकली.

मी कशी उठले, देव जाणे. पुरणाचं पातेलं लवंडलं. बाळ हिसकावून घेतलं तेव्हा दुपट्याचं टोक खापराला लागून काळं पडलं होतं. बाळ किंचाळून रडायला लागलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं, आणि आई शप्पथ सांगते, तिने आधी तोंडातलं वाक्य पुरं केलं. मग म्हणाली, "काय व्हयनं वं पार्वता? दे ना त्याले मन्हाकडे."

राग आला, रडू आलं, सगळं एकदम. "अक्का, तू काय करत होतीस कळतंय का? खापरावर टाकत होतीस त्याला!"

"काहीतरीच तुझं!" ती हसायला लागली. "मन्हा नातू शे तो. येडी व्हयनी का तू?"

हसत होती, आणि मांडीवर तिचे रिकामे हात फिरत होते. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. तिची नजर माझ्या नजरेमागून खाली गेली. हसू तिथेच थांबलं. हात थांबायला मात्र आणखी थोडा वेळ लागला.

न्हाणीचं दार वाजलं. ओल्या केसांनी दिपमाला आली. "का रडतोय एवढा? काकू, आईकडे द्या ना, तिच्याजवळ लगेच गप्प होतो."

अक्काने दोन्ही हात पदराखाली गच्च दाबून धरले होते. "नको," ती म्हणाली, "मन्हाकडे नको देऊ."

दिपमालाला वाटलं, आई थकली.