वाघीण रुखवतात मांडत नाहीत

वाघीण पुरी झाली त्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या तीन बायकांनी मला एकच प्रश्न विचारला, "कोणाच्या रुखवतासाठी करताय?"

त्यांची काही चूक नव्हती. पन्नाशीकडे झुकलेली बाई पुठ्ठा कापते, डिंक लावते, जीभ दातात धरून बारीक ब्रशने रंग देते, म्हणजे घरात नाहीतर नात्यात लग्न निघालंय, हे आपल्याकडे कुणालाही कळतं. सुपाऱ्यांचे भटजी, साखरेचा बंगला, काड्यापेट्यांची विहीर, या सगळ्यात मालगाडीचा एक डबा सहज खपून गेला असता. पण माझा डबा मापात होता. खऱ्याच्या बरोब्बर पन्नासावा हिस्सा. साखरेच्या बंगल्याला विचारा बरं त्याचं माप!

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. साहेबाच्या वॅगनची आपल्या लोकांनी कधीतरी वाघीण करून टाकली, आणि कोळशाच्या वाघिणी आल्या, साखरेच्या वाघिणी अडकल्या, असं वर्तमानपत्रात छापून यायला लागलं. आमच्या यजमानांना हा शब्द सापडल्यापासून त्यांची करमणूक झाली होती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगत, "घरात एक होतीच. आता हिने दुसरी करायला घेतलीय." पाहुणे हसत. पहिल्या चार वेळा मीही हसले.

आता हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं, ते सांगते.

मी एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीने काढणार, मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने गिरवणार. कंपनी रेल्वेला सुटे भाग पुरवायची. त्यातली बंद वाघिणीच्या दाराची बिजागरी माझ्या वाट्याला आलेली. बिजागरी, तिचा खिळा, तिची पट्टी. दर दोन वर्षांनी कुणीतरी एखादं भोक अर्ध्या सुताने सरकवायचं आणि मी अख्खं ड्रॉइंग पुन्हा गिरवायचे. अठरा वर्षं. त्या बिजागरीला लागलेलं दार मी कधी पाहिलं नव्हतं. दार ज्या वाघिणीला लागतं ती तर नाहीच.

मग बाजार खुला झाला, आणि आमच्या ऑफिसात एसी बसवला. आम्हाला वाटलं, आपल्यासाठी. तो कॉम्प्युटरसाठी होता. आठवड्याभरात तेवीस-चोवीस वर्षांची दोन मुलं आली आणि मी तीन दिवसांत गिरवायचे ती बिजागरी त्यांनी चहा पिता पिता पडद्यावर काढली. वर ती गोल फिरवूनही दाखवली. मला खोटं बोलता येत नाही, सुरेख दिसत होती. आम्हा सहा ट्रेसरना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटण्यात आले. स्वेच्छा कोणाची, ते अर्जावर लिहिलेलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यातल्या एका मुलाला मी विचारलं, "ही बिजागरी जिथे लागते ती वाघीण पाहिलीयस का रे?"

"कुठली वाघीण, मॅडम?" तो म्हणाला. "आम्हाला पार्ट नंबर असतो."

त्याला हसायचा मला काय अधिकार? अठरा वर्षं मलाही पार्ट नंबरच होता. पण त्या दिवशी बसमधून घरी येताना मी ठरवलं की आता ती अख्खी वाघीण बघायची, मापायची आणि हाताने करायची. राग होता, आणि दुपारी रिकाम्या होत्या.

बघायला गेले तेव्हा कळलं की मला उशीर झालाय. जुन्या चारचाकी वाघिणी रेल्वे मोडीत काढत होती. त्यांच्या जागी लांबलचक आठचाकी डबे आले होते. शहराबाहेरच्या एका सायडिंगला, आडबाजूच्या रुळांवर, काही जुन्या वाघिणी उभ्या असल्याचं कळलं, म्हणून आम्ही दोघं स्कूटरवरून तिथे गेलो. तिथल्या बाबूंना मी म्हटलं, "मला एक वाघीण बघायचीय."

त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पेशवे पार्कात जा. सोमवार सोडून."

प्राणिसंग्रहालयाची वाट दाखवणारं हे अस्सल पुणेरी उत्तर ऐकून यजमान इतके खूश झाले की त्यांनी त्या बाबूंशी तिथल्या तिथे दोस्ती केली. दोघांची बँकेच्या व्याजदरांवर चर्चा रंगली आणि त्या गडबडीत मला तासभर परवानगी मिळाली. साडी खोचून, शिवणाची टेप घेऊन मी वाघिणीखाली शिरले. चाकं, कमानी, बफर, पत्र्याच्या कडा, एकेका ओळीतले रिव्हेट, सगळं वहीत उतरवलं. आणि दाराशी माझी बिजागरी भेटली. गंजलेली, रंगाच्या सात थरांखाली दबलेली, पण भोक बरोबर मी दाखवलं होतं तिथेच. मी तिच्यावरून हात फिरवला. यजमान लांबून ओरडले, "अगं, धनुर्वात होईल!"

पुढच्या आठवड्यात दाराची राहिलेली मापं घ्यायला गेले तर सायडिंग रिकामं होतं. वाघिणी कापून नेल्या होत्या.

दार मग अंदाजाने केलं. अंदाज हा शब्द ट्रेसरला शिवीसारखा लागतो, पण इलाज नव्हता. मार्केट यार्डात वर्षाचा गहू घ्यायला गेले तेव्हा आमच्या भुसार व्यापाऱ्याच्या गाळ्याबाहेर नेहमी बसलेले एक म्हातारे हमाल दिसले. उमेदीत ते रेल्वेच्या मालधक्क्यावर वाघिणी भरायचे-उतरवायचे, हे व्यापाऱ्याकडून कळलं. पुढच्या खेपेला मी वाघीण बुटाच्या खोक्यात घालून घेऊन गेले. त्यांनी ती तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, नखाने दार उघडलं.

"ताई, काम झ्याक हाय. पर ह्ये दार उघडल्यावर ऱ्हातं कुठं?"

"उघडंच राहतं की."

"न्हाई ऱ्हात. वारं आलं की फिरून येतं. पाठीवर क्विंटलाचं पोतं आन् कानशिलात दार, आमचा एक गडी तसाच आडवा झालेला." त्यांनी डब्याच्या अंगावर, दाराच्या बाजूला अंगठा टेकवला. "हितं आकडा असतुया. दार मागं नेऊन त्यात आडकवायचं, मंग आत पाय टाकायचा. आमच्यात पैलं आकडा, मंग पोतं."

वहीत आकडा नव्हता. मी वाघिणीच्या पोटाखाली सरपटून आले होते, रिव्हेट मोजले होते, आणि माणसाचं डोकं वाचवणारी ती एक वस्तू माझ्या नजरेतून सुटली होती. बिजागरीच्या नादात दुसरं काय होणार.

"येवढं बारीक काम करता," खोकं परत देताना ते म्हणाले, "तर मालगाडी कशापायी? एकादं देऊळ करायचं."

घरी येऊन मी तांब्याच्या तारेचा आकडा वळवला. तीनदा चुकला, चौथ्यांदा दार त्यात अडकलं.

त्याच सुमारास रेल्वेची मॉडेल्स करणाऱ्या काही हौशी मंडळींचं प्रदर्शन भरणार असल्याचं मुलीने ऑफिसातून कुठूनतरी शोधून काढलं. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला असं सगळं सापडतं. तिनेच फॉर्म भरला. मॉडेल: बंद वाघीण, चारचाकी. माप: पन्नासास एक. मला बक्षीस नको होतं. खरंच नको होतं. मला एवढंच हवं होतं की माझी वाघीण रेल्वेच्या टेबलावर उभी राहावी आणि खाली तिचं माप लिहिलेलं असावं. ड्रॉइंग ऑफिसात माझं नाव कोपऱ्यातल्या चौकटीत बारीक अक्षरात यायचं, "ट्रेस्ड बाय". तेवढीसुद्धा जागा चालली असती.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं हॉलवर पोचलो. मधल्या मोठ्या टेबलावर रुळांचं जाळं, बोगदे, हिरवी झाडं आणि परदेशातून आणलेली झळझळीत इंजिनं. आदल्या दिवशी मुलीने पोचती केलेली माझी वाघीण त्यात नव्हती. ती दाराजवळच्या लहान टेबलावर सापडली. क्रोशाचे रुमाल, मोत्यांचं तोरण आणि नवरा-नवरीच्या बाहुल्या यांच्या मधोमध. समोर कार्ड: गृहिणींची हस्तकला.

यजमान हळूच म्हणाले, "शेवटी आलीच रुखवतात."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाहुल्या बघायला लागले.

संयोजक जॅकेट घातलेले, उत्साही, माझ्याच वयाचे गृहस्थ होते. "वहिनी, अभिनंदन!" त्यांनी नमस्कार केला. "आमच्या परीक्षकांना तुमचा डबा फार आवडला. ह्या विभागात पहिला नंबर तुमचाच, आतली बातमी."

"ती त्या टेबलावर हवी," मी मधल्या टेबलाकडे बोट केलं.

"तिथे स्केल मॉडेल्स आहेत."

"ही स्केलच आहे."

"हो, पण कुठलं स्केल? पन्नास! जगात कोणी पन्नासाला रेल्वे करत नाही, वहिनी. आमचं सगळं सत्त्याऐंशीला, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात आहे."

"माझ्या पट्टीवर पन्नास आहे. सत्त्याऐंशी नाही."

ते हसले. वाईट नाही, समजूत घालतात तसं. मग त्यांनी वाघीण उचलून बारकाईने पाहिली, कारण माणूस मुळात दर्दी होता. "रिव्हेट सुरेख. पण हा आकडा कशाला? माझ्याकडे जुनी ड्रॉइंग्ज आहेत. त्यात आकडा नाही."

"तुमच्या ड्रॉइंगमधून कोणी पोतं नेलेलं नाही," मी म्हटलं. "दार मागे अडकवलं नाही तर हमालाचं डोकं फुटतं. ज्यांनी ती दारं उघडली त्यांना विचारून लावलाय."

"म्हणजे कागदोपत्री पुरावा नाही."

"मी अठरा वर्षं कागदोपत्री पुरावेच गिरवत होते. दार कुठे राहतं ते एकातही नव्हतं."

आजूबाजूला पाच-सात माणसं जमली होती. मुलीने माझ्या कोपराला धरलं. "आई, प्लीज, सीन नको ना. फर्स्ट प्राइझ आहे. टेबल कुठलंही असलं तरी काय फरक पडतो?"

पडत होता. पोरीला कसं सांगू? बाहुल्यांच्या टेबलावर ती कुण्या गृहिणीने वेळ जावा म्हणून केलेली वस्तू होती. मधल्या टेबलावर ती वाघीण होती. आणि खरं म्हणजे माझा वेळ जावा म्हणूनच मी ती केली होती, त्यामुळे मला जास्तच राग आला.

मी वाघीण उचलली, मधल्या टेबलाशी गेले आणि एका चकचकीत इंजिनामागे तिला रुळांवर ठेवलं.

मी आयुष्यभर मापात काम केलेली बाई, पण हे माप काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. वाघीण रुळांवर बसेचना. तिची चाकं रुळांच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडली आणि रूळ पोटाखाली घेऊन ती उभी राहिली. पुढचं इंजिन तिच्या जवळजवळ निम्म्या उंचीचं. म्हशीपुढे शेळी बांधावी तसं ते दृश्य होतं. स्टेशन तिच्या खांद्याएवढं, स्टेशनमास्तर तिच्या बफरपर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

सगळे हसले. यजमान तर डोळे पुसायला लागले. मलाही हसू फुटलं, पदर तोंडाला लावायला लागला. पण वाघिणीवरचा हात मी काढला नाही.

"वहिनी," संयोजक काकुळतीला आले, "अहो, आमचं इंजिन दिसत नाहीये!"

"मग पुढच्या वर्षी मोठं आणा."

ते दोन पावलं मागे झाले, टेबलाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपलं इंजिन उचलून पलीकडच्या रुळांवर नेऊन ठेवलं. मुलगी हस्तकलेच्या टेबलावरचं माझं कार्ड घेऊन आली. ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर मी ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं: बंद वाघीण, चारचाकी, पन्नासास एक.

रविवारी संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. पहिला नंबर मोत्यांच्या तोरणाला गेला. तोरण खरोखर छान होतं.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर तळाशी एक नवीन ओळ आली: "सर्व मॉडेल्स सत्त्याऐंशीच्याच मापात असावीत." मुलीने ती मला मोठ्याने वाचून दाखवली. मी तेव्हा दुसऱ्या वाघिणीचा पुठ्ठा कापत होते. आखणी पुन्हा एकदा तपासली. पन्नासच होती. मी कापत राहिले.