क्रुसामागची बरणी

त्या बरणीची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. लढाईचे दिवस होते आणि भाईंदरच्या ठाण्यात मी नवा फौजदार होतो. नावं कुणाचीच सांगत नाही. त्यांची नातवंडं अजून उत्तनला आहेत.

सकाळची हजेरी चालू असताना उत्तनचा एक ख्रिस्ती कोळी धापा टाकत आला. "सायेब, माझ्या थोरल्या भावाला त्याची बायको विष घालतेय!"

भावाचं मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. खडे निघाले, गडी बरा होऊन होडीवरही जायला लागला. आणि आता अंग हळदीसारखं पिवळं, जेवलं की उलटी.

"घरात क्रुसामागं तिनं बरणी लपवलीय. कोनाला हात लावू देत न्हाय."

जमादार आणि दोन पंच घेऊन मी झडती घेतली. बरणी सापडली. झाकण काढलं आणि आमचा जमादार, ज्यानं खाडीतली कुजलेली प्रेतं काढली होती, तो "अरे बापरे!" म्हणून मागं सरला. उग्र वासाच्या पाण्यात मांसाचा लिबलिबीत तुकडा. पंचनामा केला, बरणीला सील मारलं आणि बाईला ठाण्यात आणलं.

"कुठल्या मांत्रिकानं दिलं हे?" मी दरडावलं.

"ते त्यांचंच हाय, सायेब."

"त्यांचं म्हणजे?"

"पोटातून काढलेली पिशवी. डॉक्टर टाकून देत व्हता, मी पाया पडून मागून घेतली. आमच्यात मानसाला अख्खं पुरायचं असतं. त्यांच्या पेटीत ठेवायची हाय."

"नवरा जिवंत असताना पेटीची तयारी?"

"म्हातारपनी लागंल तवा लागंल. तवर सांभाळायची." मग तिला रडू फुटलं. "मला कोंडा, पन त्यांना पेज कोन पाजंल?"

मी चाट पडलो. असली थाप कुणाला सुचत नाही. पण पोलिसाला नुसतं पटून भागत नाही. बरणी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली आणि निकालाला स्वतः गेलो.

"विषाचा अंश नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "माणसाचंच पित्ताशय आहे. बाई खरं बोलतेय."

मी खुशीत उठलो.

"बसा फौजदार. त्याचा पातळ काप काढून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कॅन्सर आहे. पिशवी काढली तेव्हाच होता. खडे दिसले, सगळ्यांचं समाधान झालं. तपासायला कुणी पाठवलंच नाही."

"आणि आता?"

"आता तो यकृतात पसरला असणार. म्हणून तर पिवळा पडलाय. उपाय नाही."

दुखण्याचं मूळ घरातच, क्रुसामागं होतं आणि ही बाई रोज तिथं मेणबत्ती लावत होती!

ठाण्यात दीर बसला होता. दोघांना समोर घेऊन मी सगळं सांगितलं. दीर "वहिनी, चुकलो गं" म्हणत तिच्या पायावर कोसळला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"बाई, तुम्ही सुटलात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"म्हंजे विष न्हाय?"

"नाही."

"विष असतं तर उतरवलं असतं ना, सायेब?"

प्रयोगशाळेतून मी परत आणलेली बरणी तिनं मागितली. मी दिली. ती पदराखाली घेऊन म्हणाली, "लवकरच लागंल आता."

पुढे नोकरीत पुष्कळांना निर्दोष म्हणून सोडलं. पण सुटणाऱ्याचं अभिनंदन करायची माझी हौस त्या दिवशी गेली ती गेलीच.