मुकादमाच्या तावडीत सहल

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर हसता हसता सांडाल!

माझी लेक प्रिया नोकरीला फ्रान्समध्ये असते. द्राक्षांच्या हंगामात तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी वडवणीतला कापडदुकानदार. बीडच्या पुढं गेलो की मला घर आठवतं. पण लेकीचा शब्द मोडवतो का? गेलो.

सुट्टीला तिनं एका खेड्यात घर भाड्यानं घेतलं होतं. दगडी घरं, खिडक्याखिडक्यांत फुलं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! किल्ला पाहिला, नावेत बसलो. मग एका सकाळी प्रियानं आम्हाला द्राक्षांच्या मळ्याशी सोडलं.

"पप्पा, हा पाहुण्यांचा कार्यक्रम आहे. थोडी द्राक्षं तोडायची, फोटो काढायचे, रस प्यायचा. ऑफिसचा कॉल उरकून मी येतेच."

गाडी गेली. माझा फोनही गाडीतच गेला. समोर बघतो तर शेजारी शेजारी दोन फाटकं!

"कोणचं आपलं?" बायकोनं विचारलं.

"अगं चल, मला कळतंय."

एका फाटकाआड लोक छत्र्यांखाली निवांत बसलेले, दुसऱ्याआड द्राक्षं तोडत होते. आता तुम्हीच सांगा, द्राक्षं तोडायला आलेला माणूस कुठं शिरेल?

टोपीवाला एक माणूस धावत आला. थेट आपल्या ऊसतोडीचा मुकादमच! काहीतरी लांबलचक बोलला. मी म्हणालो, "बोंजूर!" तो परत बोलला. मी परत, "बोंजूर!" एवढाच शब्द येत होता हो मला! त्यानं आमच्या हातात कात्र्या, बादल्या दिल्या आणि वेलींची ओळ दाखवली.

मी घड हातात धरून फोटोसाठी हसलो. तो ओरडला. दोन द्राक्षं तोंडात टाकली. आणखी ओरडला.

"अहो, लईच डाफरतोय की ह्यो! पाव्हण्यावर असं डाफरतेत व्हय?"

"अस्सल अनुभव म्हणतेत याला. त्याचेच तर पैसे घेतेत!"

कंबर मोडली, तरी रसाचा पत्ता नाही. मी अंगठा तोंडाशी नेऊन खूण केली. मुकादमानं पाण्याचा कॅन आणून दिला.

आणि बायको? पदर खोचून कधीच पुढं निघून गेली होती. तिचं माहेर तलवाडा. पोरगी असताना कापूस वेचायला जायची म्हणे. शेजारच्या ओळीतल्या एका म्हातारीशी तिच्या गप्पा रंगल्या होत्या. ही मराठीत, ती फ्रेंचमध्ये. दोघी खिदळत होत्या!

लग्नापासून मी दुकानात आणि ही घरात. इतकं मोकळं हसताना हिला मी कधी पाहिलं होतं? बादली खाली ठेवून बघतच राहिलो. मुकादम पुन्हा ओरडला.

दुपारी सगळे झाडाखाली जेवायला बसले. म्हातारीनं आम्हाला पाव आणि चीज दिलं. बायकोनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. मुकादमानं ती चाखली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि त्यानं पुन्हा हात पुढं केला!

तेवढ्यात प्रिया धापा टाकत आली. डोळे भरलेले. आईच्या गळ्यातच पडली.

"अख्खं गाव पालथं घातलं मी! कार्यक्रम शेजारच्या मळ्यात होता! यांच्याकडे आज नवीन मजूर येणार होते, यांना वाटलं ते तुम्हीच!"

तिनं मुकादमाला सगळं सांगितलं. तो लालबुंद झाला. छातीवर हात ठेवून त्यानं चारचारदा माफी मागितली. मग हळूच काहीतरी विचारलं. रडता रडता प्रियाला हसू फुटलं.

"काय म्हणतोय गं?"

"म्हणतोय, आईला जमत असेल तर उद्या पण येऊ द्या. एवढा सफाईदार हात कधी बघितला नाही."

बायको लाजली. मी छाती फुगवून विचारलं, "आन माझं काय म्हणतोय?"

प्रियानं मान खाली घातली. "पप्पा… ते म्हणतात, तुम्हाला घरीच ठेवा."